बाबांचा दाढीचा ब्रश आणि पेटीवाले काका

काका, सप्रेम नमस्कार.

पेटी घरी आली, वाजायलाही लागली, पण तुमच्यापुढे उभं राहून नीट आभार मानणं जमलं नाही. पैसे देताना घसा दाटून आला होता. म्हणून हे पत्र.

बाबांची पेटी आधी जिथे जिथे दाखवली तिथे एकच उत्तर मिळालं, ‘एवढ्या खर्चात नवी येईल.’ एका मोठ्या दुकानात तर झाकणसुद्धा उघडून बघितलं नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. थोर पेटीवादक अप्पा जळगावकरांच्या पुण्यात पेटीची ही गत व्हावी!

तुम्ही वरची फळी काढलीत, भाता दाबून बघितलात आणि म्हणालात, ‘४२ पट्ट्या, दुहेरी सूर. ८४ जिभांतल्या चारपाचच रुसल्यात. होईल काम.’ जीभ म्हणजे सूर देणारी आतली पितळी पाती, दर पट्टीला दोन.

तुमच्या टेबलावरचा तो पत्र्याचा डबा मी बघतच राहिलो. केस आखूड कापून ताठ केलेले टूथब्रश, स्क्रूभोवतीची घाण काढायला. दात पडलेला कंगवा, पट्ट्यांखालची दबलेली बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, विंचरायला. आणि धार घासून बोथट केलेलं दाढीचं ब्लेड. ते तुम्ही पितळी जिभेखाली आधाराला सरकवलंत. जीभ टोकाशी किंचित खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो, हे तेव्हा कानांनी ऐकलं. आपण कचऱ्यात टाकतो त्या ब्लेडवर माझ्या बाबांचा मध्यम जागेवर आला.

मी सहज बोलून गेलो, बाबांचा दाढीचा ब्रश घरी पडून आहे, टाकवत नाही. तुम्ही लगेच म्हणालात, ‘आणा की. मऊ असतो, जिभा वाकत नाहीत.’

ब्रश आणला. तो हातात घेऊन तुम्ही आधी विचारलंत, ‘आईंना चालेल ना? फोन लावा.’ आणि स्वतः बोललात. ‘वहिनी, हा ब्रश पेटीला वापरू का?’ पलीकडून आई म्हणाली, ‘वापरा, पण साबण नीट काढा हं. बुडाशी साचून राहायचा त्यांचा.’

खरंच साचला होता. तुम्ही तो कोमट पाण्यात भिजवलात, बोटांनी एकेक पुंजका मोकळा केलात, पंख्याखाली पूर्ण वाळवलात, मगच सुरांना लावलात. झिजून एका बाजूला कललेले केस फटींत बरोबर शिरत होते.

काका, बाबा गेल्यापासून घरात सल्ल्यांचा नुसता पाऊस पडलाय. कपडे देऊन टाका, कपाट रिकामं करा, पेटी काढा. नात्यातल्या एकानेही आईला विचारलं नाही. तुम्ही ना नात्याचे ना गोत्याचे, पण एका झिजलेल्या ब्रशासाठी तिची परवानगी मागितलीत. हे मी विसरणार नाही. पेठांमधल्या जिन्यांखाली, बोळांत अशी माणसं अजून काम करत बसलेली आहेत, आणि त्यांच्या दारावर धड पाटीही नसते, याचं फार वाटतं.

ब्रश तुम्ही परत दिलात, धूळ झाडायला. ते काम आईने स्वतःकडे घेतलंय. सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवलंय. धुतलेले जुने ब्रश आणि जाड कागदात गुंडाळलेली ब्लेडं जमा होतायत. गणपतीच्या आधी घेऊन येतो. हवं तेवढं ठेवून घ्या.

आपला नम्र,
काळ्या पेटीवाल्या बाबांचा मुलगा