गाडीवरचा गंजाचा डाग

सांगली,
कोजागरी पौर्णिमा

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठविलेला गाडीचा फोटो मोठा करून पाहिला. मागच्या चाकावरच्या कमानीला वाटाण्याएवढा फुगवटा आला आहे, त्याच्या टोकाला रंग फाटला आहे आणि तिथून तांबूस ओघळ खाली उतरला आहे. पुढच्या चाकाने उडवलेल्या खडीने रंगाचा टवका गेला असावा आणि उरलेले काम साताऱ्याच्या पावसाने केले असावे.

टच-अपची बाटली आणून वरून ब्रश फिरवू का, असे तू विचारतेस. तसे करू नकोस. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. बाहेर वाटाण्याएवढा दिसणारा डाग रंगाखाली रुपयाएवढा पसरलेला असू शकतो. त्यावर नुसता रंग चढविलास, तर पुढच्या पावसाळ्यात तो दुप्पट होऊन वर येईल.

आधी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने फुगवटा हलकेच दाबून पाहा. टोक आरपार गेले, तर पत्रा खाल्ला गेला आहे असे समजून काम डेंटरकडे सोपव, कारण तिथे तुकडा जोडण्यावाचून गत्यंतर नाही. पत्रा भक्कम लागला, तर काम घरी होण्याजोगे आहे.

जागा शाम्पूने धुऊन पूर्ण वाळव, भोवती मास्किंग टेप लाव आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायला लाग. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क हवाच. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत आणि कडेचा रंग घट्ट चिकटलेला लागेपर्यंत थांबायचे नाही, भले टेप आणखी मागे सरकवावी लागो. लोक इथेच कंटाळतात आणि मग रंगाच्या कंपनीला दोष देतात. त्यानंतर १८० आणि ३२० नंबरने कड अशी उतरती कर की डोळे मिटून बोट फिरविले तरी पायरी लागू नये. खड्ड्यांत सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके उरतातच; त्यांवर फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेला गंज मारणारे द्रावण, लाव आणि डब्यावर लिहिलेला वेळ पाळ. हातमोजे विसरू नकोस. उघड्या पत्र्यावर पाणी वापरू नकोस आणि तो रात्रभर तसाच ठेवू नकोस, कारण ऑक्टोबरच्या पहाटेचे दवही नवा गंज धरायला पुरेसे असते.

मग थिनरच्या फडक्याने पुसून, पुन्हा बोट न लावता, प्रायमरचे दोन-तीन पातळ हात दे. खड्डे उथळ असतील तर प्रायमरवर लांबीचा, म्हणजे खड्डे बुजविण्याच्या पुट्टीचा, अगदी पातळ थर पुरेल. तो घासून झाल्यावर त्यावर पुन्हा प्रायमर हवा. प्रायमर वाळला की ६०० नंबरच्या वॉटर पेपरने गुळगुळीत कर आणि पुन्हा नीट सुकू दे, कारण प्रायमर पाणी शोषतो.

रंग घेताना दुकानदाराला नुसते ‘पांढरा’ म्हणून चालणार नाही. मारुतीच्याच गाड्यांत सुपीरियर व्हाइट आणि पर्ल आर्क्टिक व्हाइट असे वेगवेगळे पांढरे आहेत. बॉनेटखालच्या किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर रंगाचा कोड सापडेल, तो सांग. तरीही उन्हाने उतरलेल्या जुन्या रंगाशी थोडा फरक राहील, त्याची चिंता नको. सकाळी दव उडून गेल्यावर, सावलीत आणि वारा नसताना स्प्रे मार. पातळ हात देत जा, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे थांब आणि शेवटी क्लिअर कोट, म्हणजे रंग जपणारा पारदर्शक हात, दे. चकाकीसाठीचे रबिंग कंपाउंड आठवड्यानंतरच लाव.

आणखी एक. कमानीच्या आतली दुमडलेली कड बोटाने चाचपून पाहा. तिथे चिखल साचून महिनोन्‌महिने ओला राहतो आणि पत्रा आतून कुजवतो. तो खरवडून काढ, पाण्याच्या जोराच्या धारेने कड धू आणि वाळल्यावर तिथे अंडरकोटिंगचा, म्हणजे गाडीच्या खालच्या पत्र्याला लावायच्या जाड संरक्षक लेपाचा, हात दे. हे काम घासायला लागण्याच्या आधीच उरकून घे, म्हणजे उघड्या पत्र्यावर पाणी किंवा ताज्या रंगावर शिंतोडे उडणार नाहीत.

तुझे,
बाबा