इम्प्लांटचा विचार करणाऱ्या माझ्या मुलीस

दादर, मुंबई
१२ जानेवारी २०२५

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलेस, "आई, तुझ्या छातीत अजूनही तसं उडतं का?" शेजारी काका-काकू बसलेले होते म्हणून मी विषय बदलला, आणि फोन ठेवल्यापासून मला त्याची चुटपुट लागून राहिली आहे. तू स्वतः स्तनांत इम्प्लांट, म्हणजे आकार देणारी कृत्रिम पिशवी, बसवून घेण्याचा विचार करते आहेस. तेव्हा अकरा वर्षे ते अंगात वागवणाऱ्या आईने तुला आडपडदा न ठेवता सांगायलाच हवे.

होय, उडते. कणीक मळताना हातावर जोर आला, की डावा स्तन आपोआप वर आणि काखेकडे सरकतो आणि खालच्या बाजूला खळगा पडतो. लोकलमध्ये वरची कडी धरून उभी असताना गाडीने हिसका दिला तरी तेच होते, आणि मी नकळत ओढणी सावरते.

२०१४ साली कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर माझे इम्प्लांट छातीच्या मोठ्या स्नायूखाली बसवले. त्यासाठी त्या स्नायूचा बरगड्यांना चिकटलेला खालचा भाग सोडवावा लागतो, आणि पुढे स्नायू आकसला की तो आपल्याखालचे इम्प्लांट दाबून सरकवतो. सुरुवातीच्या आठवड्यांत झोपमोड करणारे झटके यायचे, ते निराळे. ते दुखावलेल्या स्नायूचे आणि नसांचे होते आणि काही महिन्यांत शमले. हे सरकणे मात्र राहिले. व्यायामाने ते जाईल असे मला सांगण्यात आले होते, ते खरे ठरले नाही. छातीचा व्यायाम केला की उलट ते अधिक दिसते. फारच त्रास झाला तर पुन्हा शस्त्रक्रिया करून इम्प्लांट स्नायूच्या वर आणता येते. सुरुवातीलाच स्नायूच्या वर बसवले तर असे उडत नाही, पण सडपातळ अंगावर इम्प्लांटच्या कडा आणि सुरकुत्या कातडीतून जाणवू शकतात. तू सडपातळ आहेस, म्हणून डॉक्टरांना विचारायचा तुझा पहिला प्रश्न हाच असू दे.

दुसरे म्हणजे, ही वस्तू जन्मभराची नाही, आणि तू तर अवघी सव्वीस वर्षांची आहेस. शरीर तिच्याभोवती स्वतःचे एक आवरण तयार करते. काहींच्या बाबतीत ते आवळत जाते, स्तन दगडासारखा कडक होतो आणि दुखतो. सिलिकॉनचे इम्प्लांट आत फाटले तरी अनेकदा बाहेरून काहीच कळत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी तपासणी सुचवली आहे. हा खर्च शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये कोणी धरत नाही, तो तू धर.

खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटांशी एका दुर्मिळ लिम्फोमाचा (रोगप्रतिकारक पेशींच्या कॅन्सरचा) संबंध आढळला आहे, आणि त्याच कारणाने जुलै २०१९ मध्ये अॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल नावाची खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत घेतली. ती बातमी वाचून मी माझी फाइल काढली, तर माझ्या डिस्चार्ज कार्डावर ना कंपनीचे नाव होते, ना लॉट नंबर. त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाच्या खिडकीवर मी चार खेपा घातल्या, तेव्हा कुठे ही माहिती असलेला इम्प्लांटचा स्टिकर हाती लागला. माझे इम्प्लांट गुळगुळीत निघाले, पण मधले तीन आठवडे मला धड झोप लागली नाही. कंपनीचे नाव आणि लॉट नंबर असलेले तुझे कार्ड ऑपरेशनच्या दिवशीच मागून घे आणि त्याचा फोटो मला पाठव. अनेक वर्षांनंतरही एका बाजूला अचानक सूज आली, तर ती अंगावर काढू नकोस.

तुझ्या निर्णयाच्या आड मी येणार नाही. एवढेच कर, डॉक्टरांना भेटायला जाशील तेव्हा मला सोबत ने. शनिवारी मला सुट्टी असते.

तुझी,
आई