‘भ्रष्टाचार’ आणि ‘भृष्टाचार’

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या दापोलीच्या बाजारपेठेत गेला आठवडाभर ‘भृष्टाचारमुक्त’ कारभाराचे आश्वासन देणारा एक फलक झळकत आहे आणि त्यातला ‘भृ’ कोणाला खटकल्याचे दिसत नाही. संस्कृतात ‘भृष्ट’ म्हणजे भाजलेले. आपले ‘भाजणे’ त्याच कुळातले. तेव्हा वचन मिळाले आहे ते भाजलेल्या आचारापासून मुक्तीचे, आणि भाजणीच्या थालीपिठावर वाढलेल्या आमच्यासारख्यांना ते मानवणारे नाही.

‘भ्रष्ट’ आला तो ‘भ्रंश्’ या धातूपासून. ढळणे, निसटून खाली येणे हा त्याचा अर्थ. गीतेतील योगभ्रष्ट आणि स्मृतिभ्रंश, तसेच ‘गौः’ या एका शब्दाची गावी, गोणी, गोता अशी रूपे देऊन पतंजलीने दाखवलेला अपभ्रंश, या सर्वांत हे ढळणेच आहे. पैशाचा त्यात कोठेही संबंध नाही. मराठीत मात्र हा शब्द दीर्घकाळ सोवळ्याओवळ्याच्या ताब्यात राहिला. माझ्या आजीच्या तोंडी ‘भ्रष्टाकार’ म्हणजे कोणाच्याही पंक्तीला बसून जेवणे. चिरीमिरी घेतल्याशिवाय सातबारा न देणारा तलाठी तिच्या लेखी नुसता ‘खाणारा’ होता.

या जुन्या अर्थाने कोकणात काय केले, ते महाडला दिसले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा तळे बाटले असे ठरवून सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी त्यात ओतल्या. तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. तो कागदावरच ठेवणारे शुद्ध आणि त्याप्रमाणे पाणी पिणारे भ्रष्ट, असा हा उलटा न्याय होता. धातूचा अर्थ प्रमाण मानला, तर आचार ढळला होता तो ठराव बासनात गुंडाळणाऱ्यांचा, आणि त्यात कोणी कोणाला दमडी दिली नव्हती.

म्हणूनच वृत्तपत्रांनी लाचेच्या प्रत्येक बातमीला सरसकट ‘भ्रष्टाचार’ हा मथळा देणे मला पटत नाही. ‘लाच’ हा संस्कृत ‘लञ्चा’पासून आलेला, कन्नडातही ‘लंच’ या रूपात नांदणारा नेमका शब्द आपल्यापाशी आहे. राज्य शासनाच्या खात्याचे नावही लाचलुचपत प्रतिबंधक विभाग असेच आहे. पैसे घेतले असतील तेथे लाच म्हणावे आणि ‘भ्रष्टाचार’ हा शब्द त्याहून व्यापक घसरणीसाठी राखावा, एवढी विनंती.

फलकातील चूक संबंधितांच्या कानावर घातली, तेव्हा ‘गुरुजी, आता छापून झालं’ असे उत्तर मिळाले.

आपला,
एक निवृत्त संस्कृत शिक्षक,
दापोली, जि. रत्नागिरी