फुंकर मारू नकोस

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

दिवा सेकंदा-सेकंदाला लुकलुकतो आणि टीव्हीवर काहीच येत नाही, एवढ्यावरून तू निन्टेन्डो एनईएस या जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनला निकालात काढलंस. मशीन बहुधा ठणठणीत आहे. त्याच्या आत एक कुलपाची चिप असते. खेळाच्या कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिचं जुळलं नाही, की ती मशीन पुन्हापुन्हा रीसेट करत राहते. म्हणजे संपर्क कुठेतरी नीट होत नाहीये.

कॅसेटवर फुंकर मारणं आधी बंद कर. फुंकरीनंतर खेळ चालतो तो बहुतेकदा कॅसेट काढून परत बसवल्यामुळे. तोंडातली वाफ मात्र कॅसेटच्या कडेच्या धातूच्या पट्ट्यांवर बसून गंज धरते. 90 टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, कापसाची काडी त्यात ओलसर कर (निथळती नको) आणि पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने घास. कापूस काळाकुट्ट निघेल. तो पांढरा निघेपर्यंत काड्या बदलत राहा, मग 10 मिनिटं वाळू दे.

तरीही लुकलुकलं, तर दोष मशीनमधल्या, कॅसेट ज्यात बसते त्या 72 पिनांच्या कनेक्टरचा. कॅसेट पुढून सरकवून खाली दाबायची ही रचना दिसायला ऐटबाज, पण तिनेच पिना सैल होतात. नवे कनेक्टर मिळतात, पण बरेचसे इतके आवळून धरतात की कॅसेट काढताना दम निघतो. मी जुनाच वाचवायला सांगेन: सोडवून साध्या पाण्यात 5 ते 10 मिनिटं उकळ, झटक आणि पूर्ण दोन दिवस वाळव. ओला बसवलास तर शॉर्ट होईल. कुलपाच्या चिपची चौथी पिन कापायचा सल्लाही मिळेल. त्याने लुकलुकणं थांबतं खरं, पण मळ तिथेच राहतो आणि पडद्यावर नुसते रंगीत चौकोन दिसतात.

‘झेल्डा’ या खेळाचा सेव्ह (साठवलेली प्रगती) टिकत नसेल, तर कॅसेटच्या आतला सीआर2032 सेल बघ. कॅसेट उघडायला 3.8 मिलिमीटरचा खास स्क्रूड्रायव्हर बिट लागतो. व्होल्टेज 3 च्या आसपास हवं, 2.5 च्या खाली असेल तर बदलून टाक. पत्र्याचे पाय लावलेलाच सेल आण, कारण साध्या सेलवर थेट सोल्डर केलं तर तो तापून फुटू शकतो. अधिक-उणे बोर्डवर छापलेलं असतं. जुना सेल काढताच सेव्ह जातो, हे आधीच मनाशी धर. आणि हा खेळ बंद करताना रीसेट दाबून धरूनच पॉवर बंद करायची, नाहीतर सेव्ह बिघडू शकतो. त्या मानाने ‘मेट्रॉइड’ हा खेळ निर्धास्त: त्याच्या एनईएस कॅसेटला सेलच नाही, 24 अक्षरांचा पासवर्ड कागदावर उतरवून ठेवायचा.

अ‍ॅडॅप्टरवरचं लिखाण वाच. एनईएसचा मूळ अ‍ॅडॅप्टर 9 व्होल्ट एसी देतो. सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्ह या गेम मशीनला 9 व्होल्टच लागतात, पण डीसी. पिन दोन्हीकडे बसते, म्हणूनच घोटाळा होतो. एनईएसचा अ‍ॅडॅप्टर मेगा ड्राइव्हला अजिबात लावू नकोस.

सगळ्या कॅसेट पुसून झाल्या की कोणत्या चालल्या, कोणत्या लुकलुकल्या, ते लिहून पाठव. एक जरी दर वेळी बिनतक्रार चालली, तर कनेक्टर उकळायच्या भानगडीत पडू नकोस.

तुझा,
अनिल