गाड्यांच्या फिटनेसचे निकाल मॉडेलनिहाय जाहीर करा

महोदय,

वडाळा नाक्याजवळ माझे मोटारींच्या स्पेअर पार्टचे दुकान आहे. जुनी गाडी घ्यायला निघालेले गिऱ्हाईक हमखास विचारते, 'शेठ, कोणत्या कंपनीची गाडी जास्त टिकते?' नुसते कंपनीचे नाव घेऊन याचे उत्तर देताच येत नाही. मारुतीची स्विफ्ट डिझेल आणि टाटाची व्हिस्टा क्वाड्राजेट या दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या, पण बॉनेटखाली इंजिन एकच, फियाटचे १.३ लिटरचे. सस्पेन्शन, एसी, वायरिंग मात्र ज्याचे त्याचे. तेव्हा कोणते मॉडेल, कोणत्या सालचे, कोणत्या इंजिनाचे, हे कळल्याशिवाय तुलना व्यर्थ आहे.

माझ्या खपावरूनही काही ठरत नाही. मारुतीचे पार्ट सर्वाधिक जातात, कारण रस्त्यावर त्याच गाड्या जास्त आहेत. शिवाय वापर निराळा. खड्ड्यांतून रोज धावणाऱ्या गाडीचा लोअर आर्मचा (चाकाला जोडणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश हातात घ्या, रबर तडकून आतली नळी बोटाने हलते. तेच मॉडेल हायवेवर चालवणाऱ्याचा बुश तेवढ्याच किलोमीटरला घट्ट असतो. म्हणून हजारो गाड्यांची एकत्रित नोंद हवी.

भारत एनकॅप या धडक-चाचणीचे तारे २०२३ पासून मिळू लागले, ते चांगलेच झाले. पण ते अपघातातल्या सुरक्षिततेचे आहेत, गाडी दहा वर्षांनी कशी असेल ते त्यातून कळत नाही. अमेरिकेतल्या जे. डी. पॉवर या कंपनीची टिकाऊपणाची प्रसिद्ध पाहणी तीन वर्षांच्या गाड्यांची असते आणि त्यात फोन स्क्रीनला जोडला जात नाही, ही तक्रारही धरली जाते. आपल्याकडे गाडी त्याहून किती तरी जास्त वर्षे वापरतात. आपल्याला उपयोगी नमुना ब्रिटनचा आहे. तिथे तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते. गाडी कशात नापास झाली आणि किती मैल चालली होती, ही माहिती सरकार मालकाचे नाव न देता सर्वांसाठी खुली करते. जर्मनीतही टीयूव्ही या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा अहवाल मॉडेल आणि वयानुसार निघतो.

आपल्याकडे खासगी गाडीची तपासणी थेट पंधराव्या वर्षी होते, हे खरे. पण टॅक्सी पासिंगच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी करून फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो. शिर्डी-त्र्यंबकेश्वरच्या फेऱ्या मारणाऱ्या एर्टिगा, डिझायर, इनोव्हा याच मॉडेलच्या गाड्या लोक घरीही वापरतात, आणि टॅक्सीचे किलोमीटर कितीतरी लवकर भरतात. या तपासण्यांचे निकाल परिवहन विभागाने मॉडेल, साल, इंजिन आणि किलोमीटरसह दरवर्षी जाहीर करावेत. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, धूर यांपैकी गाडी कशात नापास झाली, तेही त्यात असावे. गाडीचा नंबर आणि मालकाचे नाव वगळले की कोणाची हरकत राहणार नाही. सुरुवात नाशिक आरटीओपासून करता येईल.

आपला,
एक स्पेअर पार्ट विक्रेता, वडाळा नाका, नाशिक