खोत गेले, बागा मात्र पुन्हा दुसऱ्याच्या हाती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातल्या शेतीत भांडवलशाही १९९० च्या रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेने आणली, असा सूर आपल्या पुरवणीतील लेखात आहे. तो पटला नाही. पैशाचा फास इथे फार जुना आहे.

खोत म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार. तो कुळाकडून अर्धेल, तिर्धेल (पिकाचा अर्धा, तिसरा वाटा) घ्यायचा, वर वेठ. १८८० च्या खोती कायद्याने ब्रिटिशांनी त्याचे हक्क कागदावर पक्के केले. वाटा बसल्या जागी मिळत असताना बांधबंदिस्ती किंवा विहिरीत पैसा घालायची खोताला गरजच नव्हती. कुळाच्या घरचा तरणा माणूस मुंबईच्या गिरणीत गेला. त्याच्या मनीऑर्डरीतून खोताची बाकी फिटायची. बायकापोरे गावच्या भातावर जगायची, म्हणून गिरणीमालकालाही तो कमी पगारात परवडायचा. एकाच घरावर दोन मालक पोसले जात होते, हे त्या लेखात यायलाच हवे होते.

याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी ओसाड ठेवल्या. उपाशी राहिले, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा, कसणाऱ्या कुळाला मालक ठरवणारा कृषक दिन १ एप्रिल १९५७ चा. कूळ मालक झाले. हातात आले काही गुंठे, आणि भांडवल शून्य.

तिथेच व्यापारी शिरला. आज आंब्याला मोहोर दिसण्याआधी वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाची उचल घेतली जाते, मग दर तोच ठरवतो. ज्यांना फवारणी झेपत नाही ते बाग कराराने देतात. एका हंगामाचा करारदार झाडाचे वय बघत नाही. उत्पन्नासाठी आळ्यात वाटेल तेवढे कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारे रसायन) ओततो आणि झाड खंगले की दुसरी बाग धरतो. राखण आणि काढणीला नेपाळी मजूर, ज्यांची कुठे धड नोंदही नसते. सातबारा आमच्या नावावर, निर्णय उचल देणाऱ्याचा.

सरकारने बागांचे करार किमान पाच वर्षांचे, लेखी आणि नोंदणीकृत करावेत, त्यात कल्टारची मर्यादा घालावी, आणि मोहोराआधी लहान बागायतदाराला सहकारी संस्थेतून कर्ज मिळेल अशी सोय करावी. आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक आंबा बागायतदार, राजापूर