तक्रार: संपादकपदाची जाहिरात आणि तुमचं ‘स्मार्ट शॉर्टलिस्ट’

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

विषय: तुमच्या नोकरीच्या जाहिरातींच्या पोर्टलवर घेतलेल्या प्लॅटिनम पॅकेजचे पैसे परत मिळणे आणि बाद केलेले अर्ज आमच्या ताब्यात मिळणे

आत्ताच तुमच्या प्रतिनिधीने फोन ठेवला. पाठोपाठ तिकीट ‘सोडवले’ असा मेसेज आला. काय सोडवलं, तेही कळवा.

आमचं त्रैमासिक मुलांच्या परिसरावरच्या संशोधनाचं आहे: घर, गल्ली, मैदान, शाळेची वाट. संपादक निवृत्त होत आहेत, नवीन हवेत. जाहिरातीत स्वच्छ लिहिलं होतं: नगररचना, भूगोल, पर्यावरण मानसशास्त्र, वास्तुरचना किंवा बालशिक्षण यांपैकी एकात संशोधन हवं, समीक्षकांकडून लेख तपासून घेण्याचा अनुभव हवा, पद मानद. तुमच्या फॉर्मला पगाराच्या रकान्यात शून्य चालत नाही. म्हणून तुमच्या माणसाने आम्हाला न विचारता तिथे एक आकडा ठोकला आणि जाहिरात ‘प्लेस्कूल व डे-केअर’मध्ये टाकली. तो पगार वाचून पाळणाघरात काम शोधणाऱ्या बायकांनी अर्ज केले. त्यांना आता कोण तोंड देणार? तुम्ही?

याहून संताप अर्ज आपोआप चाळणाऱ्या तुमच्या स्मार्ट शॉर्टलिस्टचा. ज्यांच्या आधीच्या नोकरीचं नाव ‘संपादक’ नाही, ते सगळे बाद. अहो, विद्यापीठात शिकवणाऱ्याच्या नोकरीचं नाव प्राध्यापकच असतं! नियतकालिकाचं काम तो त्यातून वेळ काढून करतो. वस्त्यांमधल्या खेळाच्या जागांवर वर्षानुवर्षं काम केलेल्या एका वास्तुरचनाकार बाईंना ‘अनुभव अपुरा’ असा मेल गेला, आणि तोही आमच्या नावाने. त्यांनीच फोन करून विचारलं, म्हणून कळलं.

आता आजचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं म्हणता, तर ऐकाच.

“सर, मुलांचं मासिक आहे ना?”

मी म्हटलं, त्रैमासिक, आणि मुलांविषयीच्या संशोधनाचं.

“तेच ते सर. मग पीएचडी वगैरे कशाला? एखादी रिटायर्ड टीचर बघा ना, गोष्टी तपासून देईल. फुकटातही करेल.”

तरी मी शांतपणे सांगितलं. अमेरिकन नगररचनाकार केविन लिंच यांनी १९७० च्या दशकात युनेस्कोच्या प्रकल्पात वेगवेगळ्या देशांतल्या मुलांना त्यांचं शहर कसं वाटतं हे विचारलं. नव्वदीत तो अभ्यास पुन्हा झाला, तेव्हा त्यात बंगळूरची एक वस्ती होती. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. अशा कामावरचा लेख आला की पद्धत पक्की आहे का, मुलांची आणि पालकांची संमती घेतली का, छापलेल्या नकाशावरून एखादं मूल ओळखू तर येणार नाही ना, हे संपादकाला बघावं लागतं. पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, लिहून घेतोय बिचारा.

“ओके सर, स्टोरी एडिटर. नोट केलं. याच कॅटेगरीत जाहिरात बूस्ट करू? थोडेच जास्त पडतील.”

याच कॅटेगरीत! म्हणजे चुकीच्या जागी लावलेली पाटी अजून मोठी करायचे पैसेही आम्हीच भरायचे. दुसऱ्या कंपन्या स्वस्त होत्या. तुमचं नाव ऐकून विश्वस्तांपुढे तुमच्यासाठी मी भांडलो होतो. वर्गणीदारांच्या पैशांवर चालणारा अंक आहे हा, जाहिरातदारांच्या नाही.

पैसे परत न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्कही लागत नाही, तेव्हा ‘बघू, थकेल’ असा हिशेब करू नका. बाद केलेले सगळे अर्ज, त्यांना गेलेल्या मेलच्या प्रतींसह, शुक्रवारपर्यंत हवेत. ‘अनुभव अपुरा’ हा मेल आमच्या नावाने गेला होता, हे पुन्हा सांगतो. त्या बाईंना माफीचं पत्र मात्र तुमच्या लेटरहेडवर जाईल, आणि त्याखाली सही व्यवस्थापकांची असेल, ‘टीम केअर’ची नाही.

विश्वस्त मंडळाच्या वतीने,
चिटणीस, पुणे